कमरेचं निमित्त

सकाळपासून यशोदाबाईंनी ओटा चार वेळा पुसला होता. पाचव्यांदा फडकं घेतलं तेव्हा कोंडाजी म्हणाले, "अगं, ती पोरगी डोळ्यांचं बघायला येतीय, ओट्याचं नाय."

नाशिकच्या ज्या दवाखान्यात कोंडाजींच्या काचबिंदूवर इलाज चालू होता, तिथले लोक अधू नजरेच्या माणसांचं रोजचं जगणं कसं चालतं यावर संशोधन करत होते. त्यासाठी चैताली नावाची मुलगी घरोघरी जायची. डॉक्टरांना नाही कसं म्हणायचं, म्हणून कोंडाजी सही करून बसले, आणि तेव्हापासून यशोदाबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. नवऱ्याची नजर किती गेलीय, हे दवाखान्याबाहेर एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस आत्ता ओटा पुसत होतं.

बाकी जगासाठी कोंडाजींची कंबर गेली होती. देवळाली कॅम्पात तीस वर्षं फौजींच्या वर्द्या शिवणाऱ्या टेलरनं एकाएकी दुकान बंद केलं, कारण कंबर. बाजारात बायकोच्या खांद्यावर हात ठेवून चालतो, कारण कंबर. सटाण्याला दिलेल्या लेकीनं, भाग्यश्रीनं, काळजीनं कमरेचा पट्टा पाठवला. ठणठणीत कमरेचा हा गृहस्थ सगळा उन्हाळा तो बांधून फिरला, आणि पट्ट्याखाली घामोळं उठलं तेव्हा कुठे थांबला.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण भाग्यश्रीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, सातव्यात तिला आणायचं ठरलंही होतं. कोंडाजी अडून बसले. चार महिने लेक घरात राहिली की तिला कळणार, तिला कळलं की सासरी कळणार. "आंधळ्याची लेक म्हणतील तिला. बाळ जन्मलं की आधी त्याचे डोळे बघतील," म्हणाले. शेवटी यशोदाबाईंनीच फोन केला. अप्पांची कंबर लय धरलीय, माझ्यानं दोघांचं होणार नाय, तू तिकडंच थांब. लेक नुसतं "बरं" म्हणाली. रोजचा फोन मग आठवड्यावर गेला आणि आता पंधरा दिवस आलाच नव्हता. तिकडे नववा सरत आला होता.

चैताली आली, पाणी प्यायली, कागद काढून बसली. "काका, मी कामं सांगते. तुम्हाला सहज जमतं, अवघड जातं की जमतच नाही, एवढंच सांगायचं. जिना उतरणं?"

"सहज."

"ताटातलं वाढलेलं ओळखणं?"

"सहज."

"समोरून येणारा माणूस?"

"त्यानं हाक मारली की."

"आणि नाही मारली तर?"

"गरज असंल तर मारंल की!"

यशोदाबाई दाराशी गेल्या, खिडकीशी गेल्या, उगाच मोरीतली बादली सरकवून आल्या. थापा मारायलाही काही सुमार असावा, असं त्यांच्या मनात आलं. आणि त्या थापा खऱ्या करून दाखवण्यासाठी आपण दिवसभर राबतो, हेही आलं.

"आता चहा करून दाखवा," चैताली म्हणाली. "काकू, तुम्ही मात्र मदत करायची नाही हं."

कोंडाजी झोकात उठले. साखरेचा डबा, त्याला लागून पत्तीचा, मागे लायटर. तीन वर्षांत यशोदाबाईंनी एक वस्तू बोटभर हलू दिली नव्हती. उकळी त्यांनी आवाजावरून ओळखली. चैताली कौतुकानं लिहीत होती.

मग कप आले. रोज यशोदाबाई कपाला चमचा लावून आवाज करायच्या, म्हणजे ओतायचं कुठे ते कळायचं, आणि कप भरत आला की बांगड्या वाजवायच्या. आत्ताही सवयीनं हात उचलला गेला. चैतालीनं नुसतं वर पाहिलं. यशोदाबाईंनी आपलंच मनगट दुसऱ्या हातानं घट्ट धरलं.

पहिला कप कसाबसा निभावला. दुसऱ्याला धार कपाबाहेर पडली, ओट्यावरून ओघळली आणि सरळ कोंडाजींच्या पायावर आली. त्यांनी पाय हलवला नाही. "घे पोरी, झाला चहा," म्हणाले, आणि हसले.

यशोदाबाई धावल्या. ओलं फडकं पायावर दाबून तिथंच बसल्या. 

चैताली कावरीबावरी झाली. "राहू दे काका, आपण थांबू. एकच प्रश्न उरलाय, तो नंतर विचारते."

"विचार की आत्ताच. मला काय झालंय?"

"नजरेमुळे घरातलं काही अडलंय का? सण, कार्य, येणं-जाणं?"

"काय नाय अडलं."

"अडलंय," यशोदाबाई खालूनच म्हणाल्या. "लिही गं. लेकीचं पहिलं बाळंतपण अडलंय."

"अगं ए!"

"ओरडू नका! पाय भाजला तरी हसताय तुम्ही. हसा. मी पोटच्या पोरीला खोटं सांगितलं. तिला वाटत असंल, आईला मी जड झाले."

चैतालीनं कागद बाजूला ठेवला. तिनं विचारलं, "काकू, तिचे डोळे तपासलेत का? घरात एकाला काचबिंदू असला की मुलांनी तपासून घ्यायचे असतात. डॉक्टरांनी सांगितलं असेल ना?"

सांगितलं होतं. दोघांनी ऐकलं होतं, आणि रिक्षात बसेपर्यंत दोघांनी गिळून टाकलं होतं. कोंडाजींनी भाजलेला पाय फडक्याखालून ओढून घेतला. मग हात पुढे करून म्हणाले, "फोन लाव."

"अप्पा?" भाग्यश्रीचा आवाज कोरडा होता. "कंबर कशी आहे?"

"कमरेला काय धाड भरलीय! डोळे गेलेत माझे, भाग्या. काचबिंदू हाय. तीन वर्षं झाली. म्हणून तुला आणलं नाय. तुझ्या आईचा दोष नाय, मीच तिला बोलायला लावलं. तूपण डोळे दाखवून घे."

 पलीकडून रडणं आलं. "मी इथं रोज विचार करत होते अप्पा, माझं काय चुकलं..."

यशोदाबाईंनी फोन ओढून घेतला. "उद्याच न्यायला येते गं तुला. गाडी करून येते."

"आता कसं येऊ, आई? डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय. आज-उद्या कधीही होईल म्हणतात."

यशोदाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. हातातले दोन महिने आपण घालवले, आणि ते आता कुणाच्या बापाला परत आणता येणार नव्हते. एकटीनं जावं तर यांना मागे कुणावर सोडायचं? सोबत न्यावं तर तिथला उंबरठा यांना माहीत नाही, आणि पंगतीत व्याह्यांच्या घरचे सगळे यांच्याकडंच बघत बसणार. "मी काय म्हणते भाग्या," असं त्यांनी चाचरत सुरू केलं.

कोंडाजींनी फोनसाठी हात लांबवला. तो हवेत चुकला, दुसऱ्यांदा बरोबर पोचला.

"आम्हीच येतो," ते म्हणाले. "दोघं. दुपारच्या एस्टीनं निघतो. आणि भाग्या, जावईबापूंना स्टँडवर पाठव. माझा हात धरून न्या म्हणावं, सगळ्यांसमोर. मला दिसत नाय."