बाईंनी सांगितलं म्हणून

"ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, आधी गप्प पडलेल्याकडे बघा," असं शर्मिला सिस्टर हडपसरच्या इस्पितळात नव्या पोरींना घसा कोरडा होईस्तोवर सांगायची.

त्या दुपारी कॉम्प्युटर कंपनीतल्या, पाय मोडलेल्या एका तरुणाने ओरडून वॉर्ड डोक्यावर घेतला होता. पलीकडच्या खाटेवर सरोजिनीबाई, खडकीच्या शाळेतल्या तिच्या बाई, गुपचूप घामाने डबडबल्या होत्या. नाडी बघायला शर्मिलाने मनगट धरलं, तर बाईंनी ते सोडवून घेतलं.

"मला काही धाड भरलेली नाही. आधी त्याच्याकडे जा."

ती गेली. दहा मिनिटांनी परत आली, तेव्हा बाईंची नाडी लागत नव्हती.

शाळेतसुद्धा बाईंना शर्मिलाला कुठली गोष्ट दोनदा सांगावी लागली नव्हती.