एक्केचाळिसाव्या पानावरचा शब्द

मी पुस्तक बोलतोय, शाळेच्या कपाटातून, सगळ्यात खालच्या फळीवरून. जरा जवळ या, मोठ्यानं बोलायचं मी टाळतो.

माझा जन्म दोनदा झाला. आधी दूरच्या एका थंड मुलखातल्या भाषेत, मग मराठीत. मला मराठीत आणणारे गृहस्थ निवृत्त कारकून, कामाला चोख. पण एका जागी ते अडले. माझ्यातल्या एका गोष्टीत होडी बुडते आणि बुडालेली माणसं काठावरच्यांना हाका मारतात. त्या भाषेत 'आपण' आणि 'आम्ही' दोन्हींना एकच शब्द. दुपारभर डोकं खाजवून त्यांनी लिहिलं, 'आपण इथे खाली मजेत आहोत.'

बायको म्हणाली, "अहो, 'आम्ही' हवं ना तिथं?"

"कोण एवढं बारकाईनं वाचतंय!" म्हणत त्यांनी पान उलटलं.

मग माझी बरीच वर्षं या कपाटात गेली. वाळवीसुद्धा माझ्या वाटेला गेली नाही. शेवटी नव्या बाई आल्या. धडा सुरू झाला की वर्ग जांभया द्यायचा, म्हणून त्यांनी मला उघडलं आणि एकेकाला मोठ्यानं वाचायला लावलं.

शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. तिची ताई आदल्या वर्षी तळ्यात बुडाली होती. तेव्हापासून तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. एक्केचाळिसावं पान आलं आणि ती आपणहून उभी राहिली. "आपण इथे खाली मजेत आहोत," तिनं वाचलं. आवाज तिचा वाटला नाही.

त्यानंतर रोज मधल्या सुट्टीत ती मला मांडीवर घेऊन तेवढंच वाक्य वाचायची. बाहेर कडक ऊन असायचं, तरी माझं ते पान ओलं व्हायचं. मला ओरडावंसं वाटायचं, पण पुस्तकाला ओरडता कुठं येतं?

एक दिवस ती बाईंना म्हणाली, "बाई, ताई बोलावतेय. 'आपण' म्हणतेय. शाळा सुटली की जाते मी."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी वर्गाला विचारलं, "हे वाक्य कोण बोलतंय? कुणाला धरून?"

सगळे एकदम बोलू लागले. पहिल्या बाकावरची बडबडी उठून म्हणाली, "बाई, चूक आहे ही! 'आपण' म्हटलं तर ऐकणाराही पाण्यात गेला की! 'आम्ही' पाहिजे."

बाईंनी लाल पेन शेवटच्या बाकावरच्या त्या मुलीच्या हातात दिलं. तिनं कितीतरी वेळानं 'आपण' खोडलं, वर 'आम्ही' लिहिलं आणि वाचलं, "आम्ही इथे खाली मजेत आहोत."

"म्हणजे... मी नाही त्यांच्यात?"

"नाही गं, बाळा."

ती हमसून हमसून रडली. वर्षभरात पहिल्यांदाच. त्या दिवशी ती बाईंचा हात धरून घरी गेली.

आता ती मोठी झाली असेल. मी पुन्हा कपाटात आहे. पण ते पान अजूनही ओलं होत राहतं, आणि लाल शाई फिकी पडत चाललीय. खालचा छापील शब्द परत वर येतोय.

तुम्ही मला उघडाल, तेव्हा तिथं 'आम्ही' असंच वाचा. काहीही छापलेलं दिसलं तरी.