गुडघ्याची साक्ष

माझा हात पहिल्यापासून सैल. शाळेत तीस वर्षं कवायत शिकवली, त्यात तो किती गालांवर पडला असेल, देव जाणे. निवृत्त झाल्यावर मी तुरुंगात कैद्यांना वाचायला शिकवायला निघाले, तेव्हा धाकटी बहीण म्हणाली, "ताई, जरा जपून. त्या बिचाऱ्यांना आधीच शिक्षा झालीय."

दर मंगळवारी दहा ते बारा. समोर बायबलातलं शुभवर्तमान उघडायचं आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावत जायचं. पाच वर्षांत एक मंगळवार चुकवला नाही. तुरुंगात जायचा पास एकाच अटीवर मिळाला होता: माझ्यावर पोलिसांत कसलीही नोंद झाली, की पास रद्द. मला हसू आलं होतं. चष्मेवाल्या म्हातारीवर कोण कशाला नोंद करतंय!

वर्गाचं सगळ्यात मोठं फळ म्हणजे सळई. हे त्याचं धंद्यातलं नाव. लोकांची दुकानं-घरं तो रिकामी करून द्यायचा, आणि जो निघणार नाही त्याचा गुडघा लोखंडी सळईनं फोडायचा. माझ्याकडे तो वाचायला शिकला, रडला, बाप्तिस्मा घेतला. सुटून आला त्या दिवशी माझी छाती अशी फुगली, जणू त्याला मीच जन्म दिला होता.

मी त्याला साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूनं आपल्याला कसं बदललं ते सांगायला, चर्चमागून चर्च फिरवू लागले. आणि हा बाबा दोन वाक्यांत आटपायचा. "मी वाईट होतो. आता येशूचा आहे." लोक घड्याळं बघायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"असं मिळमिळीत नको बोलूस," मी त्याला झापलं. "गुडघा सांग. आवाज कसा आला ते सांग. प्रभूनं तुला कुठल्या चिखलातून काढलंय ते कळू दे लोकांना."

"बाई, ते माझ्या एकट्याचं नाही ना," तो खाली बघत म्हणाला. "ज्याचा गुडघा, त्याचंही आहे ते."

मी त्याला गप्प केलं. मग तो सांगू लागला. बायका रुमाल काढायच्या, आणि मी पहिल्या बाकावरून मान वळवून बघायचे, कोण कोण रडतंय.

सातव्या चर्चमध्ये तो माइकसमोर उभा राहिला. हात मागे बांधलेले, हजेरीला कैदी उभे राहतात तसे. "शिंपी होता," तो म्हणाला. "दुकानाच्या दारात पडला होता. म्हणत होता, डावा पाय घे, उजवा नको, उजव्यानं मशीन चालवतो. मी उजवाच घेतला."

मागच्या बाकावरून एक माणूस उठला. उजवा पाय ताठ, काखेत कुबडी. तो मधल्या वाटेनं पुढे येऊ लागला, तसे लोक बाजूला सरले. सगळ्यांना वाटलं, हा आता त्याला मिठी मारणार. मलाही तेच वाटलं. खोटं कशाला बोलू, मी मनात देवाचे आभारसुद्धा मानले, की आठव्या चर्चला सांगायला काय प्रसंग मिळाला!

कुबडी सळईच्या तोंडावर बसली. दोन दात चटईवर पडले. दुसरा फटका कानावर, तिसरा खांद्यावर, आणि कुबडी मधोमध मोडली. सळईनं मागचे हात सोडले नाहीत. तोंडातून रक्ताची धार लागली होती, आणि तो नुसता उभा होता. आधार गेल्यामुळे शिंपी कोसळला. त्याला उचलायला सळई वाकला, तेवढ्यात शिंप्यानं माइकचा लोखंडी स्टँड ओढला आणि पडल्या पडल्याच त्याच्या गुडघ्यावर हाणला.

तो आवाज मी त्याला चर्चमागून चर्च वर्णन करायला लावला होता. ऐकला मात्र आत्ता.

सळई गुरासारखा ओरडला. शिंप्यानं स्टँड पुन्हा उचलला आणि मी धावले. मोडक्या कुबडीचा तुकडा माझ्या हातात कधी आला, कळलं नाही. मी सळईला वाचवायला धावले असं सगळे म्हणतात. तसं नव्हतं. माझं फळ कुणीतरी फोडत होतं, त्याचा राग होता तो. मी शिंप्याच्या कपाळावर हाणला. स्टँड त्याच्या हातातून गळाला. तरी मी पुन्हा हाणला, सगळा जोर लावून. त्याची कातडी फाटून डोळ्यावर लोंबली. खाली पडलेल्या सळईनं माझा घोटा धरला. "बाई, पुरे! पुरे हो!"

इस्पितळात दोघांना शेजारच्या खाटा मिळाल्या, मध्ये पडदा. हवालदार वही घेऊन आला. त्यालाही हे लवकर मिटवायचं होतं.

"पायरीवरून पडलो," सळई फुटक्या ओठांतून म्हणाला. "हा माझ्या अंगावर पडला. त्याचंही डोकं आपटलं."

सोबत आलेल्या त्या चर्चच्या पाळकांनी सुटकेचा श्वास सोडला. सळईनं माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं, हा मला वाचवतोय. मला म्हणजे मंगळवारला. वर्गात अकरा जण होते. एकाला बायकोचं पत्र स्वतः वाचायचं होतं, अजून पहिल्या ओळीवरच होता. माझ्यामागे तिथे जाणारं कुणी नव्हतं. देवा, मी मनात भांडले, तुझंच काम बुडेल हे! तुझं काम, तुझं काम, पाच वर्षं मी हेच घोकत आले होते, आणि मान वळवून रडणारे मोजत होते. पडद्याच्या फटीतून शिंप्याची पट्टी दिसली. तिच्यातून रक्त पाझरत होतं. मला माझीच शिसारी आली.

"त्याचं डोकं आपटलं नाही," मी म्हणाले. "मी फोडलं. दोनदा मारलं. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं."

हवालदारानं पेन थांबवलं. "बाई, विचार करून बोला. लिहिलं की लिहिलं."

"लिहा."

पडदा सरकला. एका डोळ्यानं शिंप्यानं माझ्याकडे बघितलं. "मग माझंही लिहा," तो म्हणाला. "गुडघा मी फोडला. आणि मला वाईट वाटत नाहीये."

सळई उठू बघत होता, कण्हत होता. "बाई, अहो, त्या अकरा जणांचं काय?"

"देव बघेल."

"आणि नाही बघितलं तर?"

मी हवालदाराच्या हातातून पेन घेतलं आणि उत्तर नसतानाच सही केली.