नॉटिंगहॅमच्या सॉलिसिटरबाईंची वेबसाइट

मी एका वकिलीच्या ऑफिसची वेबसाइट बोलतेय. हसू नका. तुम्ही दिवसभर आमच्याकडे बघत असता, आज जरा ऐकूनही घ्या.

माझा जन्म २००३ सालचा, नॉटिंगहॅममधला. निवेदिता आणि परीक्षित या दोन सॉलिसिटरांनी बेकरीच्या वरची खोली भाड्याने घेऊन ऑफिस थाटलं होतं. जाहिरात परवडत नव्हती, म्हणून मी. सुरुवातीला मी भारी नटवी होते. वर तराजूचं चित्र, खाली ‘आम्ही सर्वोत्तम’ छापाची वाक्यं. पहिल्या महिन्यात तीन फोन आले, त्यातले दोन केकच्या ऑर्डरचे.

मग निवेदिताने मला नव्याने लिहायला घेतलं. तिचे वडील पद्माकर इथल्याच हॉस्पिटलातून निवृत्त झालेले डॉक्टर. दर रविवारी पोहे खाता खाता ती त्यांना एकेक परिच्छेद वाचून दाखवायची.

“‘नॉटविथस्टँडिंग’? घाबरलेल्या माणसाला हे कळणार आहे का?” बाबा विचारत. “पेशंटला सांगतो तसं सांग गं. आज काय करायचं, उद्या काय करायचं.”

बाबांना दोनदा विचारावं लागलं की ते वाक्य बाद. अशी मी लिहिली गेले इंग्रजीत, पण घडले मराठीत. ते रविवार मला फार आठवतात.

परदेशी डॉक्टरांच्या व्हिसावरचं माझं पान लोकांना आवडलं. केंब्रिजहून, मेडनहेडहून फोन येऊ लागले. काहीजण तर त्या पानाची प्रिंट काढून, पेनाने खुणा करून ऑफिसात हजर व्हायचे. मी मनातून जाम खूश असायचे.

आणि २००६मध्ये नियम अचानक बदलले. माझं सगळ्यात लाडकं पान एका दिवसात चुकीचं ठरलं.

“राहू दे ना थोडे दिवस,” परीक्षित म्हणाला. “अगं, निम्मे क्लायंट त्या पेजमुळे येतात. ऑफिसात आले की अपडेट देऊ.”

“आणि जो येणारच नाही? नुसतं वाचून घरबसल्या फॉर्म भरून टाकेल, त्याचं काय?”

तिने त्याच दुपारी ते पान काढलं आणि तिथे लिहिलं, ‘इथली जुनी माहिती आता चुकीची आहे. नव्या नियमांचा अर्थ आम्हालाही अजून नीट कळलेला नाही. कळेल तसं लिहू. तोवर थांबू नका, कुठल्याही चांगल्या सॉलिसिटरला भेटा.’

कुठल्याही! मला रडूच कोसळलं. फोन खरोखरच थंडावले. महिन्याभरात परीक्षित खोली सोडायची भाषा करू लागला.

मग एक दिवस सुप्रभा नावाच्या डॉक्टरचा फोन आला. इथेच थांबायचं की सामान आवरून नागपूरला परत जायचं, हे तिला ठरवायचं होतं.

“मॅडम, मी कितीतरी साइट्स बघितल्या. सगळीकडे जुनंच लिहिलंय. आम्हाला अजून कळलं नाही, असं फक्त तुम्ही लिहिलंत. मला तुमचीच अपॉइंटमेंट हवीय.”

तिच्यामागून तिच्या मैत्रिणी आल्या, मग त्यांच्या ओळखीचे. खोली सोडावी लागली नाही, आणि मीही टिकले.

आता २००९ उजाडलंय. परीक्षित लंडनला गेला, निवेदिता एका मोठ्या फर्ममध्ये रुजू होतेय. ऑफिस बंद झालं. काल तिने मला उघडलं आणि एकेक पान चाळलं.

“ठेवू का गं तुला अशीच? आठवण म्हणून?” ती पुटपुटली.

मला राहायचंय, खोटं कशाला बोलू? सहा वर्षांत जीव जडलाय. पण उद्या पुन्हा नियम बदलतील आणि मला दुरुस्त करायला कुणी नसेल. एखादी घाबरलेली मुलगी मला उघडेल. मी सोपं बोलते, म्हणून तिला माझं पटेलही. लोक माझ्यावर विश्वास ठेवतात, निवेदिता. म्हणूनच मला पुसून टाक.