घाबरण्याचा सभ्य अर्थ

इंग्रजीच्या क्लासात सरांचा हुकमी धडा म्हणजे 'अफ्रेड'. वाघ बघून 'आय ॲम अफ्रेड' म्हटलं तर माणूस घाबरलेला असतो. पण दुकानदार 'आय ॲम अफ्रेड, साखर संपली' म्हणाला, तर तो साखरेला घाबरलेला नसतो, नुसता दिलगीर असतो. मुलं हसायची आणि सर स्वतःवरच खूश व्हायचे. असं ज्ञान जागा न बघता पाजळलं की अंगाशी येतंच.

बायकोच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई इंग्रजीत म्हणाल्या, आय ॲम अफ्रेड, ऑपरेशन लांबवता येणार नाही. बायकोने तेवढा एकच शब्द पकडला. बाहेरच्या बाकावर बसताच तिने विचारलं, डॉक्टर घाबरल्या का हो? सर स्वतःही घाबरलेच होते. पण प्रश्न पडला शब्दाच्या अर्थाचा, मग गप्प बसतील ते सर कसले! साखरेसकट अख्खा धडा त्यांनी तिथेच घेतला. भीतीबिती काही नाही, ती नुसती बोलायची पद्धत, असं ठणकावून सांगितलं.

"मग झालं तर," बायको म्हणाली. "लेकीचं बाळंतपण उरकू, मग बघू."

सर जागच्या जागी गार पडले. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, तोही शब्दकोशाचा! घरी आल्यावर त्यांनी तिला समजावलं, रागावले, कागदावर हृदय काढून दाखवलं. ते वांग्यासारखं आलं. तुम्ही एवढे निवांत, मग मी कशाला घाई करू, असं म्हणून ती भाजी निवडायला बसली. निवांत कसले! झुरळ दिसलं की 'तू बघ, मला काम आहे' म्हणून खोलीबाहेर पडणारा हा गडी. जन्मभर आणलेला धीटपणाचा आव आज तिला खरा वाटला होता, आणि नेमका नको तिथे.

शेवटी तेही तिच्यासमोर बसले आणि देठं भाजीत, भाजी देठांत टाकू लागले.

"मला भीती वाटते," ते म्हणाले.

"कसली?"

"तू नसण्याची."

तिने त्यांच्या पुढ्यातली भाजी आपल्याकडे ओढून घेतली. मग तिने लेकीला फोन लावला आणि बाळंतपणाला सासूबाईंना बोलावून घे म्हणून सांगितलं.

"मला आधी ऑपरेशन करून घ्यायचंय," ती म्हणाली. "तुझे बाबा फार घाबरलेत गं."