एक भिंग पाण्यात, एक हवेत

मित्रांनो, मी पोहण्याचा एक जुना चष्मा आहे. माझी निळी भिंगे आता पांढुरकी झाली आहेत आणि माझा पट्टाही मूळचा नाही. तो परकराला लावतात तसल्या रुंद इलॅस्टिकचा आहे. दुकानातले नवे चष्मे मला पाहून हसले तरी मला राग येत नाही. पाण्याखाली मी जे पाहिले, ते त्यांना अजून पाहायचे आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. साच्यातून निघाल्यावर तपासनीस बाईंनी मला पाण्याच्या टबात दाबून धरले आणि बुडबुडे येतात का ते पाहिले. एकही आला नाही. मग मी एका दुकानात आकड्याला लटकलो. तिथून मला ज्या बाईने घेतले, तिला मी मनातल्या मनात ताई म्हणतो.

ताई तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती. ती दातांच्या कवळ्या बनवायची. दिवसभर मेण, प्लास्टर आणि बारीक कानस घेऊन ती टेबलाशी वाकलेली असे. पाठ धरू लागली म्हणून ती धावायला लागली, मग सायकल चालवू लागली, आणि एक दिवस तिने ट्रायथलॉनला नाव घातले. त्यात आधी पोहायचे, मग सायकल, मग धावणे, मध्ये थांबायचे नाही. सायकल आणि धावणे तिला जमत होते. पोहणे मात्र ती एका पुस्तकावरून आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंवरून एकटीच शिकली होती. पाण्यात पडले की पोहता येते म्हणतात. ताईला पडता येत होते, पुढचे कोणी सांगितले नव्हते.

मी तिच्या डोळ्यांवर होतो, म्हणून तिच्या चुका मला सगळ्यांत आधी दिसल्या. पाण्यात तोंड गेले की ती श्वास कोंडून धरायची. हवा घ्यायला पूर्ण डोके वर काढायची, त्यामुळे पाय खाली जायचे आणि ती चढावर ओझे ओढल्यासारखी पुढे सरकायची. तलावावरचा जीवरक्षक एकदा म्हणाला, "ताई, तुम्ही पाण्याशी भांडताय. ते काही ऐकायचं नाही."

शर्यत एका मोठ्या सरोवरात होती. दीड किलोमीटर पोहायला पन्नास मिनिटे मिळत. ती संपली तेव्हा काठ अजून दोनशे मीटर लांब होता. बचावाची बोट जवळ आली.

"बाई, वेळ संपली. हात द्या," बोटीवरचा माणूस म्हणाला.

तिने हात दिला. काठावर सगळ्या सायकली केव्हाच निघून गेल्या होत्या. लांबच लांब दांड्यावर तिची एकटीची सायकल उभी होती. ताई तिच्याजवळ गेली, सीटवर हात ठेवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मी तिच्या कपाळावर होतो. ती रडली की नाही ते मला कळले नाही, कारण तिचा चेहरा आधीच ओला होता.

त्यानंतर माझे वाईट दिवस आले. तिने मला गाडीच्या मागच्या काचेपाशी टाकले. तिथे उन्हाने माझा पट्टा वाळला, चिरला आणि एक दिवस तुटला. चार महिने माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

पाहिले ते ताईच्या सासूबाईंनी. त्या सदुसष्ट वर्षांच्या. चाळीस वर्षे त्यांनी शिवणकाम केले होते. गाडी झाडताना मी त्यांच्या हाती लागलो.

"हा टाकायचा का?" त्यांनी विचारले.

"टाका, आई. आता काय करायचंय त्याचं."

"अगं, पट्टाच तर तुटलाय. भिंगं धडधाकट आहेत." त्यांनी शिवणाचा डबा काढला आणि इलॅस्टिकचा तुकडा मला घट्ट शिवून दिला. मग दोरा तोडत म्हणाल्या, "उद्यापासून मी तलावावर येऊन बसते. मला पोहण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण तिरकं काय आणि सरळ काय, ते कळतं."

ताई हसली, पण दुसऱ्या दिवशी दोघी तलावावर आल्या. सासूबाई काठावरच्या बाकावर बसल्या, आपला रोजचा नजरेचा चष्मा नाकावर घेऊन. ताईच्या चार फेऱ्या झाल्यावर त्यांनी तिला बोलावले.

"तुझा डावा हात डोक्यापुढून उजवीकडे जातो. त्याने तू अख्खी वाकडी होतेस. कापड असं कापलं असतंस तर मी तुला माझ्या शिवणाच्या दुकानात उभं केलं नसतं."

"अजून काय दिसलं?"

"पुष्कळ दिसलं. सगळं सांगू?"

ताई थोडा विचार करून म्हणाली, "नको. कवळी टोचत असेल तर आम्ही सगळी घासत नाही, आई. जिथे टोचते तिथेच घासतो. एका वेळी एकच सांगा."

मित्रांनो, त्या दिवसापासून खरे शिक्षण सुरू झाले. पहिला महिना ताई फक्त पाण्यात श्वास सोडायला शिकली. माझ्यासमोरून बुडबुड्यांची संथ माळ जाऊ लागली. दुसऱ्या महिन्यात तिने नजर खाली, तळाच्या काळ्या पट्टीवर ठेवली, आणि तिचे पाय आपोआप वर आले. मग डावा हात. तो सरळ पडायला पाच आठवडे लागले. त्यानंतर खांद्याबरोबर कंबर वळवणे. सासूबाई प्रत्येक फेरीचे हात मोजत. पंचवीस मीटरला एकतीस हात लागत होते, ते सत्तावीस झाले, मग चोवीस.

सगळ्यांत अवघड होते श्वास घेणे. डोके उचलायचे नाही, फक्त वळवायचे. एका सकाळी ते जमले. माझे एक भिंग पाण्यात राहिले आणि दुसरे हवेत. एकाच वेळी मला खालची काळी पट्टी आणि वरचा बाक दिसला. इतके दिवस दोन भिंगे असून मी एकच जग पाहत होतो. त्या फेरीला बावीस हात लागले. सासूबाई बाकावरून उठून उभ्या राहिल्या. जीवरक्षक म्हणाला, "भांडण मिटलं वाटतं."

पुन्हा तेच सरोवर आले. दोनशे माणसे एकदम पाण्यात शिरली. तिथे तळाला काळी पट्टी नव्हती. ताई दर आठ हातांनी डोळे किंचित वर काढून पाण्यावर तरंगणारा खुणेचा नारिंगी फुगा पाहायची आणि पुन्हा खाली जायची. अर्ध्या वाटेवर, फुग्याला वळसा घालताना, कोणाचे तरी कोपर माझ्यावर आदळले. मी सरकलो. माझ्या डाव्या भिंगात पाणी भरले. तिच्या छातीचे ठोके मला इलॅस्टिकमधून ऐकू येत होते. उजवीकडे बोट होती. बोटीवरच्या माणसाने तिच्याकडे पाहिले.

ताईने बोटीकडे पाहिले नाही. ती पाठीवर वळली, लांब श्वास सोडला, मला उचलून पाणी सांडले, पुन्हा बसवले आणि पोटावर आली. बुडबुडे निघाले, संथ, एका माळेत. डावा हात सरळ पडला. मला तर गाणे म्हणावेसे वाटत होते.

ती काठाला लागली तेव्हा घड्याळात अडतीस मिनिटे झाली होती. दांड्यावर अजून अर्ध्या सायकली होत्या. ताईने मला कपाळावर सरकवले आणि पळत सुटली. कठड्यापलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, हळू, पाय घसरेल." ती हळू झाली नाही, जाता जाता मला त्यांच्या हातात टाकून सायकलकडे गेली. दुपारी ती शेवटची रेघ ओलांडून आली, तेव्हा मी सासूबाईंच्या मुठीतच होतो.

आता ताईकडे नवा चष्मा आहे, आणि त्याचे मला दुःख नाही. कारण त्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "तो जुना मला दे. काठावरून मोजून मोजून कंटाळा आला."

सध्या मी त्यांच्या डोळ्यांवर असतो. तलावाच्या उथळ बाजूला, कठडा धरून, त्या पाण्यात श्वास सोडायला शिकत आहेत. बाकावर ताई बसते. पोहून झाल्यावर त्या मला साध्या पाण्यात बुडवतात, भिंगांना आतून बोट लावत नाहीत, आणि सावलीत वाळत घालतात. तुमच्याकडच्या वस्तूंनाही एवढेच हवे असते, मित्रांनो. एक गोष्ट तुटली म्हणून सगळेच टाकून देऊ नका. आधी नीट पाहा, कुठे टोचते आहे ते.

काल सासूबाईंनी कठडा सोडला. चार हात मारले, डावा थोडा तिरका.