चौथा सड

आमच्या घरचा नेम सोपा होता. म्हशीचे तीन सड आपले, चौथा रेडकाचा. माझे वडील, आबा, म्हणायचे, "चौथ्याला हात लावायचा न्हाय. त्यो देवानं दुसऱ्याच्या नावानं भरलेला हाय." आबा गेले, म्हैस माझ्याकडं आली आणि तिच्याबरोबर नेमही आला. तो मी मोडला. नड होती म्हणून नव्हे, मिरवायला म्हणून.

शहाण्णव सालची गोष्ट. मंगळवार पेठेतून मी रोज संध्याकाळी चंद्री म्हैस आणि तिचं रेडकू घेऊन दुधाच्या कट्ट्यावर जायचो. तिथं गिऱ्हाईक पुढ्यात उभं असतं. त्याच्यासमोर धार काढायची आणि फेसाळ पेला तसाच गरम हातात द्यायचा. रेडकानं दोन ढुशा दिल्या की चंद्री पान्हा सोडायची. मग त्याला ओढून खांबाला बांधायचं, तीन सड पिळायचे आणि शेवटी चौथ्यासाठी त्याला मोकळं सोडायचं.

एके दिवशी तालमीतले वस्ताद गणपतराव चार पैलवान घेऊन आले. तीन पेल्यांतच तिन्ही सड आटपले. गणपतराव हसून म्हणाले, "बस्स व्हय रं कृष्णात? मला वाटलं तुझी म्हैस म्हंजे नळ हाय!" दहा माणसं हसली. मला ते लागलं. "थांबा की वस्ताद, अजून कुठं संपलंय," म्हणालो आणि चौथ्याला हात घातला.

पुढं ते रोजचंच झालं. कट्टाभर माझ्या म्हशीचं नाव झालं आणि रेडकू रिकामा सड चोखत राहिलं. रेडाच तर आहे, त्याला कोण विचारतंय, असं मी मनाला सांगायचो. एकदा माझी आई, आक्का, त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "ह्येच्या बरगड्या मोजाय येत्यात. पोटभर पितंय न्हवं?"

"व्हय की," मी म्हणालो. तोंडावर खोटं बोललो.

श्रावणात एका सकाळी ते उठलंच नाही.

चंद्रीनं पान्हा चोरला. तीन दिवस पेंड दाखवली, गूळ चारला, पण धार नाही. कास तटतटून दगड झाली, अंगात ताप भरला. कुणी म्हणालं पान्ह्याची सुई टोच, कुणी म्हणालं रेडकाचं कातडं भुसा भरून पुढं ठेव. मला त्या खांबाकडं बघवत नव्हतं. शेवटी आक्काला सगळं सांगून टाकलं. चौथ्या संध्याकाळी ती माझ्याबरोबर कट्ट्यावर आली. "बस खाली," एवढंच म्हणाली.

बसलो. कासेला हात लावला आणि चंद्रीच्या कुशीला डोकं टेकताच मला रडू फुटलं. भर कट्ट्यावर, गणपतरावांच्या देखत.

"मीच मारलं गं तुझं लेकरू," मी म्हणालो.

ती लाथ घालेल म्हणून मी वाट बघत होतो. खरं सांगतो, मला ती लाथ हवी होती. चंद्रीनं मान वळवली आणि माझी मानगूट चाटायला लागली, रेडकाला चाटायची तशीच. माझ्या हातांत सड भरत गेले. देवाची कृपा म्हणजे नवस बोलून मिळवायची गोष्ट, असं मी समजत होतो. ही न मागता मानेवर आली आणि मला सोसवेना.

गणपतरावांनी पेला पुढं केला. आक्कानं तो घेतला, मला बाजूला सारलं आणि चौथा सड त्यात पिळून पेला माझ्यापुढं धरला.

"त्येच्या वाटणीचं हाय. पी."

"आक्का, न्हाय जमायचं मला."

"तिनं दिलंय न्हवं? मग न्हाय म्हणणारा तू कोण?"

प्यालो. गरम होतं, गोड होतं. कडू निघालं असतं तर बरं झालं असतं.